करंजदऱ्याची जमिनीखालची भिंत

“मॅडम, ह्यो निळा रंग चुकलाय.”

करंजदऱ्याच्या शाळेत आमची मीटिंग संपत आली होती. भिंतीवर चार मोठे नकाशे लावले होते. लोक उठून नकाशांपुढे गर्दी करून आपापलं शेत शोधत होते. बोलणारा माणूस मात्र गावातला वाटत नव्हता. ऑइलने काळं झालेलं बोट त्याने कागदापासून वीतभर लांब धरलं होतं, डाग लागू नये म्हणून.

“कुठला निळा?” मी विचारलं.

“ह्यो खालचा. माळवस्तीवरचा. तितं पाणी न्हाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काय रं नझीर, मोटारी सोडून आता नकाशे रिपेअर करतो का?”

सगळे हसले. तोही हसला. “मी आपलं जे दिसलं ते सांगितलं,” म्हणाला, शाळेच्या माठातलं पाणी प्यायला आणि निघून गेला.

मीही तेव्हा हसले होते. हे आधीच सांगून टाकते.

मी भूगर्भशास्त्राची पदवीधर. जमिनीखालचं पाणी हा माझा धंदा. वडिलांचं सिरसाळ्याला किराणा दुकान होतं आणि मी काय काम करते हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. एखाद्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जेवढ्या जमिनीवरचा पाऊस उतरून त्याच ओढ्याला येतो, तेवढ्या जमिनीला पाणलोट म्हणतात. करंजदऱ्याचा ओढा बालाघाटाच्या डोंगरातून निघतो आणि पालीच्या धरणाच्या वरच्या अंगाला बिंदुसरा नदीत मिळतो. या पाणलोटाचं मॉडेल आम्ही केलं होतं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात पाऊस किती पडतो, मुरतो किती, उपसा किती, हे भरायचं. मग कॉम्प्युटर सांगतो, पुढे पंधरा-वीस वर्षांनी कुठे किती पाणी राहील.

पुढे काय होईल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही एक भविष्य न सांगता चार सांगतो. पहिलं, जसं चाललंय तसंच चालू राहिलं तर. दुसरं, सगळ्यांनी फळबागा केल्या तर. तिसरं, शेततळी वाढली तर. चौथं, गावाने उपशाला नियम लावला तर. प्रत्येक भविष्याचा एक नकाशा. निळा म्हणजे पाणी आहे, लाल म्हणजे नाही. त्या चारही नकाशांत माळवस्ती निळी होती. दुसऱ्यात, म्हणजे फळबागांच्या नकाशात, थोडी फिकट, पण निळीच.

करंजदऱ्याच्या दोन वस्त्या आहेत. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरची वस्ती, तिथे मोसंबीच्या बागा. खालच्या अंगाला माळवस्ती, तिथे बाजरी, तूर, कापूस. आमच्या नकाशांची चर्चा महिनाभर चालू होती. त्यांवर भरवसा ठेवून माळवस्तीच्या बारा घरांनी मोसंबीची रोपं सांगून ठेवली होती. मे महिना होता. खड्डे खोदून उन्हात तापायला सोडले होते. जूनमध्ये लागवड. मोसंबीला पहिलं फळ धरायला पाच वर्षं लागतात. तोवर तिला पाणी लागतंच.

नझीरभाईंचं बोलणं मी विसरले असते. पण परत निघाले तेव्हा माळवस्तीच्या वळणावर ते दिसले. तीन पायांची लोखंडी तिपाई उभी करून चेन-पुलीने बोअरमधली मोटार वर ओढत होते. मी गाडी थांबवली. का थांबवली ते सांगता येणार नाही. मोटार वर येताना बघायला मला आवडतं, एवढंच.

नझीरभाई बीडचे. त्यांच्या वडिलांचंही मोटार रिवाइंडिंगचंच दुकान. जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, असं ते काम.

“ही कशाने जळली?” मी विचारलं.

“कोरडी चालली. मोटारीला भवतालचं पाणीच गार ठिवतं. पाणी सरलं की ती तापती, मंग जळती.” एक पाईप वर आला. त्यांनी तो खोलून बाजूला ठेवला. “मॅडम, वरच्या वस्तीत म्या धा पायपांवर मोटार सोडतो. इतं पंचवीस. दरसाल एखादा वाढतो. एक पाईप वीस फुटाचा. आता तुमीच करा हिशेब.”

वर दोनशे फूट, इथे पाचशे. मध्ये अंतर किती, तर पायी दहा मिनिटांचं.

“मोटार खोल सोडली म्हणजे पाणी तेवढंच खोल असं नसतं,” मी म्हणाले. हे खरं आहे. लोक भीतीने जास्त खोल सोडतात.

“न्हाई ना. पण वर काढताना पाईप कितव्यापासून ओला लागतो ते हाताला कळतं. इतं पहिले धा-अकरा पायपं कोरडे निघत्यात.”

मी गाडीत बसले आणि लॅपटॉप उघडून एकच गोष्ट तपासली. करंजदऱ्यात आमची निरीक्षण विहीर कुठे आहे?

निरीक्षण विहीर म्हणजे ठरलेल्या दिवसांना जिच्यात टेप सोडून पाण्याची पातळी मोजतात ती विहीर. मॉडेल खरं की खोटं हे तिच्यावरून ठरतं. मॉडेलने काढलेली मागच्या वर्षांची पातळी आणि विहिरीत खरोखर मोजलेली पातळी जुळली, तर मॉडेल पास. आमचं झकास जुळलं होतं. या गावात निरीक्षण विहीर होती एकच. ती वरच्या वस्तीत होती. एका मुलाचा पेपर तपासून मी अख्ख्या वर्गाचा निकाल लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी नझीरभाईंना फोन केला. दोन दिवस माझ्याबरोबर फिराल का, म्हणून विचारलं.

“फिरू की. पण मोटारी बंद असताना मोजा. चालू असल्या तर काय कळणार?”

तेही बरोबर होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारी यायची. सकाळी सगळे पंप गप्प असत. आम्ही सातला सुरुवात करायचो. माझ्याकडे मोजायची टेप होती. तिच्या टोकाला पाणी लागलं की वर बीप वाजतो. बोअरमध्ये मोटारीचा पाईप आणि केबल असते, त्या फटीतून टेप सोडताना ती हमखास अडकते. नझीरभाई अंगठा आणि दोन बोटांत धरून ती अशी सोडायचे की एकदाही अडकली नाही. बीप वाजला की मी आकडा लिहायची आणि ते आधीच अंदाज सांगून मोकळे झालेले असायचे. बहुतेक वेळा पाच-सात फुटांचाच फरक.

वरच्या वस्तीत पाणी तीस फुटांवर, चाळीसवर, पस्तीसवर. भर मे महिन्यात. नंतर खाली उतरलो. माळवस्तीत दोनशे दहा. दोनशे तीस. एकशे नव्वद.

जमिनीखालचं पाणी उताराप्रमाणे हळूहळू खाली जातं. पायऱ्या उतरल्यासारखं नव्हे, तर घसरगुंडीसारखं. इथे मात्र मध्येच कडा तुटल्यासारखं झालं होतं. ही तूट नेमकी कुठे आहे ते शोधायची मला आता घाई झाली. खरं सांगायचं तर आपलं मॉडेल चुकलंय याचं वाईट वाटायच्या आधी मला मजा वाटत होती. दोन बोअरच्या मधलं बोअर घ्यायचं, मग त्याच्या मधलं. दुसऱ्या सकाळी अकरा वाजेपर्यंत आम्ही दोन शेतांवर येऊन ठेपलो. एका शेतात पाणी अडतीस फुटांवर. बांध ओलांडून पलीकडे एकशे ऐंशीवर.

पलीकडचं शेत चंद्रभागाकाकूंचं. साठीच्या असतील. एकट्या राहायच्या. मुलगा पुण्यात कंपनीची गाडी चालवतो. मीटिंगला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि दोन एकरांत मोसंबी लावणार म्हणून सगळ्यात आधी त्यांनीच नाव दिलं होतं.

“काय गवसलं का?” त्यांनी विचारलं.

“काकू, हा बांध एवढा रुंद का ठेवलाय?” बांध साधा नव्हता. दहा-बारा पावलं रुंद, काळ्या दगडांचा, बोरी-बाभळींनी भरलेला लांबलचक पट्टा. शेतातून सरळ ओढ्याकडे गेलेला.

“त्यो बांध न्हाई. तितं नांगरच चालत न्हाई. माझ्या सासऱ्यानं तितं हीर खांदायला काढली व्हती. पुरुषभर गेले अन् सोडून दिली. लोखंडावानी दगूड.”

“फुटायचा कसा?”

“आडवा. लाकडाची मोळी रचून ठिवल्यागत. एकावर एक.”

मी त्या अर्धवट खड्ड्यात उतरले. काकू म्हणाल्या तसंच होतं. आडवे, चौकोनी, घट्ट दगड, मोळी रचल्यासारखे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. आपला सगळा काळा पाषाण लाव्हाचा. थरावर थर साचत गेला. पण कधीकधी लाव्हा खालून उभ्या भेगेत घुसतो आणि तिथेच थिजतो. जमिनीत उभी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. ती चांगली घट्ट असली तर पाणी आरपार जाऊ देत नाही. वरून येणारं पाणी तिच्यामागे साचतं, धरणामागे साचावं तसं. फक्त हे धरण दिसत नाही.

मी लॅपटॉपवर उपग्रहाचा फोटो उघडला. त्यात एक बारीक काळी रेघ होती, सरळ, अगदी या पट्ट्यावरून जाणारी. ती मला अकरा महिन्यांपूर्वीही दिसली होती. तिच्यापुढे मीच माझ्या हाताने टाइप केलं होतं, ‘पाणंद रस्ता’.

काकू खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या. मी वर आले. मला जे कळलं ते त्यांना सांगितलं.

त्या म्हणाल्या, “म्हंजी झाडं लावायची न्हाईत.”

“मी तुमच्या जागी असते तर लावली नसती.”

“पोरगा येतो म्हणला व्हता. बाग झाली तर.” त्यांनी पदराने हात पुसले, हाताला काही लागलं नव्हतं तरी. “तुमचा नकाशा म्याच त्याला फोनवर फोटो काढून धाडला.”

नझीरभाई टेप गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

दुपारी मी पुण्याला कर्णिक सरांना फोन लावला. ते आमचे टीम लीडर. हुशार माणूस, पण त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात गुरुवारचं प्रेझेंटेशन होतं. प्रकल्पाला निधी देणारे लोक गावात येऊन चार भविष्यं बघणार होते.

“डाइक आहे म्हणजे? रेकॉर्डमध्ये आहे का?”

“नाही सर. शेतात आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“एका मोटार मेकॅनिकने. मग मी एकोणीस ठिकाणी मोजलं.”

“असं कर. रिपोर्टमध्ये एक तळटीप टाक. मॉडेलच्या मर्यादा वगैरे. पुढच्या टप्प्यात दुरुस्त करू.”

“सर, पुढच्या टप्प्यात झाडं दोन वर्षांची झालेली असतील. बारा घरांनी खड्डे खोदलेत. तळटीप त्यांच्यापर्यंत कशी पोचवायची?”

“त्यांना लावा असं आपण कधी म्हटलं?”

“म्हटलं नाही. निळा रंग दिला.”

“आकडे पाठव,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. तासाभराने त्यांचाच फोन आला. आकडे बघितले होते. “मी त्यांना आठ दिवस पुढे यायला सांगतो. पण गावाला आणि त्यांना, दोघांनाही कारण तू सांगायचं. मी नाही.”

हे न्याय्य होतं. त्या रेघेला रस्ता मीच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी परत शाळेत गाव जमलं. पहिल्यापेक्षा जास्त. मी उभी राहिले आणि सांगितलं की नकाशे चुकले आहेत. चूक माझी आहे. भिंत कशी आहे, कुठून कुठे गेली आहे, ते फळ्यावर काढून दाखवलं.

रंगनाथआबा उठले. वरच्या वस्तीतले जुने बागायतदार. बोलायला सावकाश, पण आबा बोलले की वरची वस्ती ऐकते.

“मॅडम, मागच्या बारीला बी तुमी फळ्यावरच काढून दावलं हुतं. उद्या अजून कोण मेकॅनिक आला अन् म्हणला की ह्ये बी चुकलंय, मंग?”

“मग परत मोजू, आबा.”

आबांनी मान हलवली. पटलं असं नाही, पण ऐकून घेतलं. तेवढ्यात माळवस्तीच्या बाजूने आवाज आला. “भिंत हाय तर फोडू की. जिलेटिन लावा. पाणी काय एकट्या वरच्या वस्तीचं हाय का?”

वरची वस्ती एकदम उभी राहिली. “हात लावून बघा,” कुणीतरी म्हणालं. मला वाटलं, संपलं. आठवडाभरापूर्वी या लोकांत भांडायला काही नव्हतं. मी त्यांना एक भिंत शोधून दिली होती.

आदल्या दिवशी मी एक तयारी केली होती. ती वापरावी की नाही ते ठरलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना म्हणून सगळ्यांना मैदानात यायला सांगितलं. मैदानाच्या उताराला मी एक लांबट खड्डा खणून घेतला होता, आत प्लास्टिक घालून वाळू भरलेला. मधोमध नझीरभाईंनी शहाबादी फरशीचा तुकडा उभा रोवला होता आणि कडा चिखलाने लिंपल्या होत्या.

“ही भिंत,” मी म्हणाले. “वरच्या बाजूला पाणी ओता.”

दोन घागरी ओतल्या. फरशीच्या वर वाळूत बोट घातलं की लगेच पाणी लागत होतं. खाली वाळू कोरडी. लोक वाकून वाकून बोटं घालून बघत होते. आबांनीही घातलं.

“आता फोडा,” जिलेटिन लावा म्हणणाऱ्या माणसाला मी म्हणाले. त्याने फरशी उपसून काढली. वाळू ढासळली, पाणी खाली सरकलं. थोड्या वेळाने परत बोटं घातली. वर पाणी लागायला आता अख्खा हात घालावा लागत होता. खालीही तेवढाच. दोन्हीकडे तळाला जेमतेम ओल.

तो माणूस हातातल्या फरशीकडे बघत होता.

“ठिवा ती परत,” चंद्रभागाकाकू म्हणाल्या. इतका वेळ त्या मागे उभ्या होत्या. “वतत ऱ्हावा. मला बघायचंय, पाणी भिंतीच्या वर आल्यावर कुनीकडून जातं.”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. बावीस वर्षं हा धंदा करून सुचला नव्हता. आम्ही फरशी परत रोवली, लिंपली आणि ओतत राहिलो. पाच घागरी गेल्या. सहाव्या घागरीला फरशीचा जो कोपरा जरा ठेंगणा होता तिथून पाणी पाझरून पलीकडे उतरायला लागलं.

“ह्यो कोपरा म्हंजी वढा,” काकू म्हणाल्या. “उंबराचं पाणी.”

“कुठलं उंबराचं पाणी?” मी विचारलं.

एकदम चार-पाच जण बोलायला लागले. ओढ्यात एक उंबर आहे. पावसाळा बरा झाला की तिथे दिवाळीनंतरही पाझर राहतो. गुरं तिथेच पितात. ते पाणी कुठून येतं याचा विचार कुणी केला नव्हता. आहे म्हणून आहे. आम्ही सगळे तसेच चालत ओढ्यावर गेलो. काळ्या दगडांचा पट्टा जिथे ओढ्याला छेदत होता, बरोबर तिथेच उंबर उभा होता. भिंत तिथे झिजून खाली गेली होती. जमिनीखालच्या धरणाचा सांडवा होता तो.

उंबराच्या सावलीत पुढची मीटिंग झाली. मी नकाशे शाळेतच ठेवले होते. आबांनी विचारलं, “ह्या भिंतीमागचं पाणी किती दिस पुरंल?”

“पाऊस नीट झाला तर दरवर्षी भरेल. पण वरच्या वस्तीत बागा अशाच वाढत गेल्या आणि लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला, तर तळ दिसेल.”

“आमची हीर कधी आटली न्हाई.”

“धरणाला लागून आहे म्हणून आटली नाही, आबा. पण हे धरण लहान आहे.”

ते बराच वेळ ओढ्याकडे बघत बसले. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या बागेचं भविष्य बघितलं. आतापर्यंत माळवस्तीचंच भविष्य बघायचंय असं त्यांना वाटत होतं.

मी लोकांना एवढंच विचारलं की पंधरा वर्षांनी मे महिन्यात या उंबराखाली कोण असेल, काय करत असेल. कुणी म्हणालं, कोणीच नसेल, पुण्याला असू. एकजण म्हणाला, टँकर उभा असेल. नझीरभाई म्हणाले, “मीच आसंल, चाळीस पायपं घिऊन.” त्यावर सगळे हसले, पण फार नाही. काकू म्हणाल्या, “इतं एक हीर आसंल. दोन्ही वस्तीची.”

त्यावर दोन ग्रामसभा गेल्या. पहिलीत भांडणं झाली आणि निर्णय झाला नाही. दुसरीत ठरलं. उंबराच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या सरकारी जागेत एक सामाईक विहीर घ्यायची आणि तिथून माळवस्तीच्या टाकीला पाईप न्यायचा. प्यायला आणि गुरांना बारा महिने. शेतीला फक्त माघापर्यंत. विहिरीच्या आतून पांढरा पट्टा मारायचा. पाणी पट्ट्याखाली गेलं की वरच्या वस्तीने उन्हाळी पीक घ्यायचं नाही आणि बागांना एकाआड एक दिवस पाणी. भिंतीपासून दोन्हीकडे ठरावीक अंतरात नवीन बोअर नाही. शेवटच्या अटीवर आबांचीच सही पहिली होती. भिंतीला कुणी भोक पाडू नये याची काळजी आता त्यांना सगळ्यात जास्त होती.

निधी देणारे लोक आले तेव्हा मी त्यांना चारऐवजी भिंतीचा एकच नकाशा दाखवला आणि बाकीचा वेळ उंबराखाली घालवला. त्यांच्यातल्या एकाला ते आवडलं नाही. त्याला रंगीत स्लाइड हव्या होत्या. कर्णिक सर त्याला म्हणाले, “स्लाइड होत्या. चुकीच्या होत्या.” मला हे अपेक्षित नव्हतं.

या गोष्टीला आता तीन पावसाळे झाले. विहीर झाली. मोटार नझीरभाईंनी बसवली, दोन पायपांवर. एक उन्हाळा पाणी पट्ट्याखाली गेलं. वरच्या वस्तीतल्या दोघांनी नियम मोडला, त्यावरून बोलाचाली झाली, मग पाळला. बारा घरांपैकी दहांनी सांगून ठेवलेली मोसंबीची रोपं रद्द केली. काहींनी त्या खड्ड्यांत सीताफळ लावलं, ते कमी पाण्यात जगतं. काकूंनी अर्ध्या एकरात लावलंय. मुलगा पुण्यातच आहे. महिन्यातून दोन दिवस येतो, झाडं बघतो, जातो. पूर्ण परत येईल का, हे काकूंना मी विचारत नाही. त्याही सांगत नाहीत.

दोन घरांनी माझं न ऐकता मोसंबीच लावली. एकाची दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. दुसऱ्याची हिरवीगार आहे. त्याच्या बोअरमध्ये साठ फुटांवर पाणी लागतं. माझ्या हिशेबाने तिथे दोनशेवर लागायला हवं. त्याच्या शेजारच्या बोअरमध्ये दोनशेवरच लागतं. कदाचित भिंतीला तिथे तडा असेल. कदाचित मला अजून न दिसलेलं काही असेल. दर मे महिन्यात मी टेप घेऊन त्याच्याकडे जाते. तो चहा देतो आणि दरवेळी विचारतो, “कळलं का मॅडम?” मी नाही म्हणते. त्याला त्याचा आनंद होतो.

आता नवीन गावात गेले की पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडत नाही. कुठल्या शेतात नांगर अडतो, कुणाची विहीर खोदायची अर्धवट राहिली, एवढं विचारते. उत्तर मिळायला अर्धा दिवस लागतो. चहा बराच प्यावा लागतो.